जुन्या फोनचे पंचांग

घरातील बहुतेक वस्तू आपले वार्धक्य लपवीत नाहीत. जोड्याचा तळ झिजतो, छत्रीच्या काड्या निखळतात, पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की त्यातील आमटी कळकते आणि जेवणाराच्या जिभेला ती गोष्ट तत्काळ समजते. स्मार्टफोनचे मात्र तसे नाही. त्याची काच निर्मळ असते, घंटी खणखणीत वाजते, छायाचित्रे पूर्वीसारखीच उमटतात, आणि तरीही तो फोन आतून चार-पाच वर्षे मागे राहिलेला असू शकतो. हे मागे राहणे डोळ्यांना दिसत नाही. ते मुद्दाम उघडून पाहावे लागते.

असे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही, आणि ज्यांच्या हाती जुना फोन असतो त्यांच्याकडून तर ते क्वचितच घडते. आपल्याकडे फोन वारशाने उतरतो. घरातील मिळवत्या माणसाने नवा घेतला की त्याचा जुना फोन आजीकडे किंवा धाकट्या भावंडाकडे येतो. आजी त्यावर परगावच्या लेकीशी बोलते, कीर्तन ऐकते आणि अलीकडे भाजीवाल्याचे पैसेही त्यावरूनच चुकते करते. म्हणजे घरातील सर्वांत जुने यंत्र सर्वांत कमी चौकशी करणाऱ्या हातांत पडते, आणि बँकेच्या खात्याकडे जाणारी वाट त्या यंत्रातूनच जाते.

फोनचे शरीर काच, धातू आणि सिलिकॉन यांचे बनलेले असते. परंतु त्या शरीराकडून काम करवून घेणारा एक कारभारी आत बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणाली असे म्हणतात. बोट पडद्यावर कोठे टेकले, कोणत्या ॲपला कॅमेरा वापरू द्यावा, घड्याळ कोणत्या संकेतावरून लावावे, परक्या ठिकाणाहून आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवावा की नाही, हे सारे निर्णय हा कारभारी घेतो. ॲपल कंपनीच्या आयफोनमधील कार्यप्रणालीचे नाव आयओएस. इतर बहुतेक फोनांत गूगलची अँड्रॉइड असते. तिच्यावर चालणारा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. कारभारी कितीही चतुर असला तरी त्याच्याजवळील सूचना ज्या दिवशी लिहिल्या गेल्या, त्या दिवसापर्यंतचेच जग त्याला ठाऊक असते. पुढे जग बदलते, सूचनांतील चुका उघडकीस येतात, आणि मग कंपनी सुधारलेल्या सूचना पाठवते. व्यवहारात ज्याला अपडेट म्हणतात, ते हेच.

अशा सूचना वेळेवर पोहोचल्या नाहीत तर काय होते, हे २०१९ साली एका जुन्या फोनच्या बाबतीत फार स्पष्टपणे दिसून आले. ॲपलने आयफोन ५ हा फोन सप्टेंबर २०१२ मध्ये विक्रीस आणला होता. २०१७ साली आयओएसची ११ वी आवृत्ती निघाली, ती या फोनवर चालणारी नव्हती; त्याच्या प्रोसेसरची घडण जुन्या, ३२ बिटांच्या पद्धतीची होती आणि नव्या आवृत्तीला ६४ बिटांचा प्रोसेसर लागत होता. तेव्हा या फोनसाठी आता काही यावयाचे नाही, असे मानून लोक निश्चिंत झाले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. पण जुलै २०१९ मध्ये, फोन सात वर्षांचा होत आला असताना, कंपनीने १०.३.४ या क्रमांकाचे एक लहानसे अपडेट काढले. त्यासोबत असे कळवले की, ३ नोव्हेंबर २०१९ पूर्वी ते बसवून घ्यावे. न घेतल्यास फोनला आपले ठिकाण अचूक सांगता येणार नाही, आणि ज्या कामांना बरोबर तारीख लागते ती कामे, म्हणजे ईमेल पाहणे, इंटरनेटवरील पाने उघडणे, ॲप उतरवून घेणे इत्यादी, बंद पडतील. मुदतीचा क्षण जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे मध्यरात्रीचा होता. त्या वेळी भारतात पहाटेचे साडेपाच वाजलेले असणार होते.

एका दिवसात फोनमध्ये असे काय बिघडणार होते? तारा झिजणार नव्हत्या की बॅटरी संपणार नव्हती. बिघडणार होती ती कालगणना, आणि तिचे मूळ फोनमध्ये नसून आकाशात होते.

फोनला आपले ठिकाण कळते ते जीपीएस या अमेरिकी उपग्रहमालेच्या संदेशांवरून. हे उपग्रह पृथ्वीकडे सतत वेळ कळवीत असतात. त्यांच्या संदेशात सन आणि महिना यांचा उल्लेख नसतो. ६ जानेवारी १९८० पासून कितवा आठवडा चालू आहे, एवढा आकडा असतो. हा आकडा लिहिण्यासाठी द्विमान पद्धतीच्या दहाच अंकांची जागा ठेवलेली होती. दहा जागांत ० ते १०२३ एवढेच आठवडे मावतात. त्यापुढे गणना पुन्हा शून्यावर येते. १०२४ आठवडे म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोडा अधिक काळ. त्यानुसार पहिले आवर्तन ऑगस्ट १९९९ मध्ये आणि दुसरे ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री पूर्ण झाले.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटण्याचे कारण नाही. पंचांगातील संवत्सरांची नावे अशीच फिरून येतात. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावे संपली की पुन्हा प्रभव. एखाद्या जुन्या वहीत नुसते ‘प्रभव संवत्सर’ असे लिहिलेले सापडले तर ते शके १८४९ चे की शके १९०९ चे, हे त्या नावावरून ठरवता येत नाही. दोन्ही वर्षी प्रभवच होता. म्हणून पंचांगकर्ते संवत्सराच्या नावाशेजारी शकाचा आकडा छापतात. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचे ‘संवत्सर’ आहे, पण ‘शक’ नाही. तो शक ज्याच्या त्याच्या यंत्राने आपल्या आज्ञावलीतून पुरवावयाचा असतो. यंत्र तयार करणारे आज्ञावली लिहिताना एक आधार ठरवून देतात: अमुक आठवड्याच्या अलीकडचा आकडा आला तर तो पुढच्या आवर्तनातला समजावा. हा आधारही १०२४ आठवडेच पुरतो. प्रत्येक यंत्राचा आधार निराळा असल्यामुळे सारी यंत्रे एप्रिलच्या त्या एकाच रात्री चुकली नाहीत. आयफोन ५ ला एप्रिलमध्ये काही झाले नाही; त्याच्यासाठी नोव्हेंबरचा दिवस होता. उपग्रहांच्या नव्या संदेशपद्धतीत या आकड्याला १३ अंकांची जागा दिलेली आहे, तेव्हा ते आवर्तन सुमारे १५७ वर्षांचे होईल. परंतु जुन्याच संदेशावर चालणाऱ्या यंत्रांची गणना नोव्हेंबर २०३८ मध्ये आणखी एकदा शून्यावर येणार आहे.

तारीख चुकली तर नकाशा चुकेल, हे समजण्यासारखे आहे. पण ईमेल का थांबावे? इंटरनेटवरील प्रत्येक विश्वसनीय ठिकाणाजवळ एक प्रमाणपत्र असते. फोन तेथे गेला की ते ठिकाण आपले प्रमाणपत्र पुढे करते, आणि त्यावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत ग्राह्य, असे लिहिलेले असते. एस.टी.च्या कंडक्टरच्या हातातील दिनदर्शिका कोणी वीस वर्षे मागची ठेवली, तर तो प्रवाशाचा खरा पासही नाकारील. या पासाची मुदत अजून सुरूच झालेली नाही, असे तो प्रामाणिकपणे म्हणेल. तारीख हरवलेला फोन नेमके असेच करतो. आणि यातील खरी अडचण पुढेच आहे. चूक दुरुस्त करणारे अपडेटही याच इंटरनेटच्या वाटेने, याच प्रमाणपत्रांच्या पहाऱ्यातून यावयाचे असते. मुदत टळल्यावर फोन त्यालाही दाराशीच थांबवणार. म्हणून कंपनीने आधीच सांगून ठेवले होते की, ३ नोव्हेंबरनंतर फोनवरून अपडेट घेता येणार नाही. तो केबलने संगणकाला जोडूनच दुरुस्त करावा लागेल. ज्याने ऑक्टोबरात पाच मिनिटे खर्च केली त्याचे काम घरबसल्या झाले. ज्याच्याकडे संगणक नव्हता आणि ज्याने ती पाच मिनिटे दिली नव्हती, त्याला संगणकवाला शोधावा लागला.

प्रमाणपत्रांचा असाच एक प्रसंग अँड्रॉइडवरही आला. इंटरनेटवरील असंख्य ठिकाणांना मोफत प्रमाणपत्रे देणारी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. अँड्रॉइड ७.१.१ पूर्वीच्या फोनांना संस्थेची नवी मुद्रा ओळखता येत नव्हती. संस्थेने खटपट करून जुन्या फोनांसाठी काही वर्षांची सवलत मिळवली, म्हणून फार गोंधळ उडाला नाही. दुसऱ्याच्या खटपटीवर निभावलेल्या अशा गोष्टी वापरणाऱ्याच्या कानावरही येत नाहीत.

कालगणना चुकली तर फोन निरुपयोगी होतो. पण सूचनांत भगदाड राहिले तर तो धन्याच्या विरुद्ध वापरला जाऊ शकतो, आणि हा धोका अधिक मोठा आहे. २०१५ च्या जुलै महिन्यात अँड्रॉइडमधील ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या भागातील दोष जाहीर झाला. चित्रफिती आणि गाणी उलगडून दाखवणे हे त्या भागाचे काम. विशिष्ट रीतीने बिघडवलेली चित्रफीत संदेशातून आली, तर धन्याने ती पाहण्यापूर्वीच तिच्यातील परक्या आज्ञा फोनमध्ये चालू शकत होत्या. अशा हल्ल्यापुढे ‘अनोळखी गोष्ट उघडू नये’ हा नेहमीचा उपदेशही अपुरा पडतो. दोष कळताच गूगलने दुरुस्ती तयार केली आणि ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याचा परिपाठ सुरू केला. आपल्याकडेही भारत सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था अशा दोषांविषयी वेळोवेळी इशारे देत असते.

परंतु गूगलने दुरुस्ती लिहिली म्हणजे ती आजीच्या फोनवर पोहोचली, असे होत नाही. आयफोन आणि त्याची कार्यप्रणाली एकाच कंपनीची असल्याने तेथे वाट सरळ आहे. म्हणूनच २०१३ च्या आयफोन ५एस या फोनला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेचे अपडेट मिळू शकले. अँड्रॉइडची वाट वळणावळणाची आहे. गूगलने लिहिलेली दुरुस्ती फोन तयार करणारी कंपनी घेते, आपल्या त्या-त्या नमुन्याला जुळवते, चिप पुरवणाऱ्याच्या भागांशी तिचे पटते का ते तपासते आणि मग ग्राहकाकडे धाडते. विकून झालेल्या नमुन्यावर एवढे श्रम किती वर्षे करावयाचे, हे कंपनी ठरवते, आणि येथे ग्राहकाचे हित आणि दुकानदाराचे हित एक नसते. ही वाट सुकर व्हावी म्हणून २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये मूळ प्रणाली आणि चिपचा भाग वेगळे करण्यात आले. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तर काही भाग कंपनीची वाट न पाहता गूगल प्लेमधून परस्पर बदलता येऊ लागले. मुदतीही वाढल्या आहेत. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ साठी ७ वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. स्वस्त फोनांना एवढे आयुष्य क्वचितच लाभते, आणि आपल्याकडे अधिक खप त्यांचाच आहे.

तेव्हा हातातील जुना फोन कोठवर पोहोचला आहे, हे पाहावे कसे? काम सोपे आहे. सेटिंग्ज उघडून अगदी तळाशी जावे. अँड्रॉइडमध्ये तेथे ‘फोनविषयी’ अशा अर्थाचे पान असते. काही फोनांत ते ‘सिस्टीम’ या नावाखाली असते. त्यात दोन गोष्टी वाचाव्यात. पहिली अँड्रॉइडची आवृत्ती. दुसरी सुरक्षा अपडेटची तारीख, आणि खरे महत्त्व या तारखेला आहे. आवृत्ती १२ आहे की १३, यावरून फोनची प्रकृती नीट कळत नाही. तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे की तीन वर्षांपूर्वीची, यावरून कळते. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची असेल तर गूगल प्लेच्या अपडेटची निराळी तारीखही सापडते. ती ताजी आणि सुरक्षेची जुनी, असे आढळल्यास घराचे दार नवे आणि भिंत जुनी, असे समजावे. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील ‘जनरल’ या पानावर ‘अबाउट’ आणि ‘सॉफ्टवेअर अपडेट’ ही दोन स्थाने आहेत. अपडेट तयार असेल तर तेथेच कळते.

अपडेट घेण्यापूर्वी थोडी तयारी करावी. फोन अर्ध्याहून अधिक भारलेला असावा किंवा चार्जरला लावलेला असावा, वाय-फाय खात्रीचे असावे. जुन्या फोनांत बहुधा जागेची अडचण असते. शुभ सकाळच्या चित्रांचे आणि लग्नांच्या चित्रफितींचे ढीग प्रथम उपसावे लागतात. छायाचित्रे आणि संपर्क क्रमांक यांची प्रत अन्यत्र ठेवावी. हे सोडून पुढे जाऊ नये, कारण नातवंडांचे पहिले फोटो पुन्हा काढता येत नाहीत. एकदा काम सुरू झाले की फोन काही वेळ काळा पडतो, पुन्हा सुरू होतो, कधी दोनदा होतो. घाबरून मधेच बटण दाबून तो बंद करणे, हेच त्या वेळी टाळावयाचे असते. तो चालू झाल्यावर त्याच पानावर परत जाऊन आकडा खरोखर बदलला का, ते पाहावे. काही वेळा पहिल्या अपडेटमागून दुसरे उभे असते.

याच संदर्भात ठगांची एक युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘तुमचा फोन जुना झाला, येथे दाबून अपडेट करा’ असा संदेश येतो किंवा एखाद्या पानावर फलक झळकतो. कार्यप्रणालीचे खरे अपडेट संदेशातील दुव्यातून येत नाही. ते सेटिंग्जमध्येच सापडते. तेथे नसेल तर ते नाहीच.

अपडेट घेतल्याने फोन मंद होतो, अशी समजूत सर्वत्र आहे, आणि ती सर्वस्वी खोटी म्हणता येत नाही. जुन्या आयफोनांची बॅटरी क्षीण झाली असेल तर त्यांचा वेग कमी करणारी सोय ॲपलने २०१७ च्या आरंभी एका अपडेटमध्ये घातली होती. फोन अचानक बंद पडू नयेत हा तिचा हेतू, असे कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले. ग्राहकांना मात्र ते आधी स्पष्ट सांगितलेले नव्हते. पुढे २०१८ च्या अपडेटमध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारे पान आले आणि ती सोय बंद करण्याचा अधिकार ग्राहकाला मिळाला. लोकांचा संशय येथून बळावला. तरीही दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. एका आवृत्तीवरून पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाणे, हे जुन्या फोनला खरोखर जड जाऊ शकते. तेथे आठवडाभर थांबून, तोच नमुना वापरणाऱ्यांचा अनुभव विचारून मग पाऊल टाकणे शहाणपणाचे आहे. सुरक्षेची मासिक दुरुस्ती मात्र लहान असते आणि तिला थांबवून ठेवण्यात काही साधत नाही.

काही फोनांच्या बाबतीत तपासून हेच कळते की, यापुढे काही येणार नाही. सुरक्षेची तारीख गोठलेली असते, आणि ॲपही एकेक साथ सोडू लागतात; व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड ५ च्या आधीचे फोन असेच मागे सोडले. युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांचा आशय असा की, नमुन्याची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षे त्याची अपडेट मिळत राहावीत. परंतु आधीच गोठलेल्या फोनांना त्याचा उपयोग नाही. अशा फोनवरून बँकेची आणि पैसे देण्याची ॲप काढून टाकावीत आणि ती घरातील ज्या फोनची तारीख ताजी असेल त्यावर घ्यावीत. या एका बाबतीत आजीला नवा फोन मिळणे हे नातवाला मिळण्यापेक्षा अधिक निकडीचे ठरू शकते. जुन्या फोनचा गजर लागतो, त्यात साठवलेली कीर्तने वाय-फाय बंद ठेवूनही ऐकता येतात, आणि कॅमेऱ्याला तर अपडेटची गरज नसते. तो विकावयाचा किंवा ई-कचऱ्याच्या केंद्रात द्यावयाचा झाल्यास आधी सिम आणि मेमरी कार्ड काढावे, आपल्या खात्यातून बाहेर पडावे आणि सेटिंग्जमधील फॅक्टरी रीसेट करून आतील सर्व मजकूर पुसून टाकावा.